होलोकॉस्टबद्दल (नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराबद्दल) तुम्हाला पहिल्यांदा कसं कळलं?

रानजाई
बर्लिनमध्ये शिकते. ९ नोव्हेंबरला सकाळी विद्यापीठात निघाले तर आमच्या इमारतीच्या दाराशी एक आजी गुडघे टेकून फुटपाथमधले पितळी दगड घासत होत्या. शेजारी मेणबत्ती. तळहाताएवढे दगड असतात हे, त्या घरातून नेलेल्या माणसांच्या नावाचे. गुंटर डेमनिग या कलाकाराने हे काम सुरू केलं, आता युरोपभर लाखाच्या वर दगड झालेत. आमच्या दारात चार आहेत. आई, वडील, दोन मुली. धाकटीचा जन्म १९३५ चा, आणि खाली १९४३, ऑशविट्झ, म्हणजे मृत्यूछावणी. आजींना विचारलं, तुमचे कोण होते? म्हणाल्या, कोणी नाही, मी वरच्या मजल्यावर राहते.

१९३८ साली याच रात्री जर्मनीभर सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळली, दुकानं फोडली, तीसेक हजार ज्यू पुरुषांना छावण्यांत नेलं. म्हणून ही तारीख.

ट्रॅममध्ये बसल्यावर शाळेचा वर्ग आठवला. दुसरं महायुद्ध म्हणजे कारणे लिहा, परिणाम लिहा. ज्यूंचा छळ हा त्यातला एक मुद्दा, साठ लाख हा आकडा, की झाला अर्धा गुण. आवडता नेता कोण असं विचारलं की वर्गात दोघं-तिघं तरी हिटलर म्हणायचे आणि त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. त्या साठ लाखांत आठ वर्षांची मुलगी आहे, ती माझ्याच जिन्यावरून उतरली असेल, हे मला इथे आल्यावर कळलं. तुम्हाला कधी, कसं कळलं? लिहा ना.

सुगरण नाशिककर
कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते. पण त्या आजींना माझा नमस्कार सांग.

पानगळ
सातवीत, शाळेच्या लायब्ररीतली अ‍ॅन फ्रँकची डायरी. माझ्याच वयाची, नाझींपासून लपून राहिलेली, आईशी भांडणारी, एका मुलावर जीव जडलेली. मला वाटत होतं शेवटी सुटतील सगळे. १ ऑगस्ट १९४४ ची नोंद आहे आणि मग काहीच नाही, कारण ४ तारखेला पकडलं. लपलेल्या आठ जणांतले फक्त वडील परत आले. मी पुस्तक घेऊन बाईंकडे गेले, म्हटलं याचं पुढचं पुस्तक द्या. बाईंनी मला जवळ घेतलं. बाकी काही बोलल्या नाहीत.

इसारकाठी
म्युनिकहून. इथे बव्हेरियात शाळेतून मुलांना छावणीच्या स्मारकाला नेतातच. लेक नववीत डाखाऊला जाऊन आला. घरी येऊन जेवला, खोलीत गेला. रात्री स्वयंपाकघरात येऊन विचारतो, आई, गावातल्या लोकांना माहीत नव्हतं का? मग आम्ही दोघांनी बसून वाचलं. मार्च १९३३ मध्ये हिटलरला सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हाच ही छावणी उघडली, तीही पेपरात बातमी देऊन. पाच हजार माणसांची सोय, असं त्यात छापलेलं. आधी राजकीय विरोधक नेले. सुटका एप्रिल १९४५ मध्ये. मधल्या बारा वर्षांत दोन लाखांवर माणसं तिथे कैदी होती आणि निदान ४१,५०० मेली. त्याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, माहीत होतं. मुलाशी खोटं बोलायला नको वाटलं.

भुसावळ लोको
माझे वडील रेल्वेत बुकिंग क्लार्क होते म्हणून हे फार लागलं. ज्यूंना छावण्यांत नेणाऱ्या गाड्यांचं भाडं आकारलं जायचं. तिसऱ्या वर्गाचा दर, किलोमीटरला चार फेनिग (जर्मन पैसे). दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालच्यांना फुकट. चारशेच्या वर माणसं असली की ग्रुपची सवलत. म्हणजे कोणीतरी रोज सकाळी ऑफिसात येऊन हा हिशेब लावत होता, टॅली करत होता, संध्याकाळी घरी जात होता. वडिलांना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले वेळापत्रकही कोणीतरी बनवलं असेल.

रानजाई, तुमच्या बर्लिनमध्येच ग्रुनेवाल्ड स्टेशनला १७ नंबरचा प्लॅटफॉर्म आहे, जाऊन ये. कडेला लोखंडी पट्ट्यांवर प्रत्येक गाडीची तारीख, किती माणसं, कुठे, सगळं कोरलंय.

रानजाई
काका, जाऊन आले होते. शेवटच्या पट्ट्या १९४५ च्या आहेत. युद्ध हरत आलेलं, तरी गाड्या चालूच.

मोगरा ७७
मी मतिमंद मुलांच्या शाळेत शिकवते. बीएडला असताना एका व्याख्यानात कळलं की गॅसने मारणं ज्यूंच्या आधी आमच्या मुलांसारख्या माणसांपासून सुरू झालं. १९३९-४० पासून. दवाखान्यांतून फॉर्म भरून यायचे आणि तीन डॉक्टर पेशंटला न बघता त्यावर खूण करायचे. लाल अधिकचं चिन्ह म्हणजे मृत्यू. १९४१ च्या ऑगस्टपर्यंत सत्तर हजार. बिशप गॅलेन यांनी चर्चमध्ये उघड बोलल्यावर वरवर थांबवलं, आतून चालूच राहिलं. आणि तीच माणसं, तेच तंत्र पुढे पोलंडमधल्या मृत्यूछावण्यांत. माझ्या वर्गात आत्ता बारा जण आहेत. जास्त लिहवत नाही.

पानगळ
मोगराताई 🙏

पंचगंगा
आमच्या कोल्हापूरला वळिवड्यात पोलिश निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते ४८, पाचेक हजार लोक. आजी सांगायची त्यांच्या बायका बाजारात यायच्या, मोडकं मराठी बोलायच्या. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे.

जुनी वही
पंचगंगा, छान आठवण. फक्त ही माणसं बहुतेक कॅथलिक होती, स्टालिनने सैबेरियाकडे हाकललेली. हिटलरपासून पळालेले वेगळे. मुंबईत आले होते काही. संगीतकार वॉल्टर कॉफमन त्यातले, ज्यू, १९३४ साली आले. आकाशवाणीची ती सकाळची धून त्यांची!

पंचगंगा
काय सांगता! ती धून लागली की आजोबा चहा मागायचे. आज फोनवर लावून ऐकतो.

शनवारतेली
मी इस्रायलमध्ये, अश्दोदला. आम्ही मूळ रेवदंड्याकडचे बेने इस्रायल. कोकणात आमच्या वाट्याला ज्यू म्हणून मार कधी आला नाही, त्यामुळे आजोबा इकडे आले तेव्हा त्यांनाही हे सगळं नवंच होतं. शेजारच्या बाईंच्या हातावर छावणीतला नंबर गोंदलेला. आजी त्यांना मलिद्याचं ताट द्यायला जायची. त्या कधी काही बोलल्या नाहीत, आजीनेही विचारलं नाही. इथे स्मृतिदिनाला सकाळी दहाला भोंगा होतो, दोन मिनिटं. हायवेवर गाड्या थांबतात, माणसं उतरून उभी राहतात. लहानपणी मी आजीचा हात धरून उभी राहायचे.

सह्यवारा
याच काळात बंगालमध्ये तीस लाख माणसं उपाशी मेली. १९४३. त्यावर कोणी लिहीत नाही.

जुनी वही
तुम्ही काढा धागा, मी नक्की लिहीन. माझ्या सासूबाई कलकत्त्याच्या, त्यांच्या आईने बघितलंय. लोक भात मागत नव्हते, वरची पेज तेवढी द्या म्हणायचे.

सह्यवारा
काढतो.

सुगरण नाशिककर
आले. मुलं झोपली. मी वॉर्साच्या यानुश कोर्चाक यांच्याबद्दल लिहिणार होते. डॉक्टर, अनाथाश्रम चालवायचे. ज्यूंना कोंडलेल्या वस्तीच्या (घेट्टोच्या) भिंतीआड उपासमार चालू असताना जुलै १९४२ मध्ये त्यांनी मुलांकडून टागोरांचं ‘डाकघर’ बसवून घेतलं. आजारी अमल खिडकीत बसून राजाच्या पत्राची वाट बघतो, ते नाटक. ऑगस्टच्या सुरुवातीला आश्रमातली दोनशेच्या आसपास मुलं ट्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत नेली. डॉक्टरांना वाचायची संधी होती, ते मुलांबरोबर गेले. आम्ही चौथीत असताना ‘डाकघर’ केलेलं, मी सुधा झाले होते. फुलं द्यायचा माझा एकच प्रवेश. वॉर्सातही कोणीतरी सुधा झाली असेल ना? हे वाचल्यापासून तिचाच विचार येतो.

पानगळ
अगं हे मला अजिबात माहीत नव्हतं.

गल्लीबोळ
फुटपाथवर आत्मचरित्रांच्या ढिगात हिटलरचं पुस्तक अजून विकतात, मुलं व्यक्तिमत्त्व विकासाचं म्हणून घेतात. माझ्या भाच्याकडे दिसलं. ‘शिस्त होती त्याच्याकडे’ म्हणे. ओरडलो नाही. शेजारी बसवून हा धागा वाचायला दिला. रेल्वेच्या तिकिटांपाशी थांबला आणि म्हणाला, हे खरंच आहे का मामा?

भुसावळ लोको
त्याला सांगा, खरं आहे. अजून काही विचारायचं असेल तर इथे लिहू दे, आम्ही आहोत.

इंदूरची ताई
पुढच्या मे महिन्यात म्युनिकला दिराकडे जातोय. मुलगी अकरा वर्षांची आहे. डाखाऊला न्यावं का? तिकीट आधी काढावं लागतं का?

इसारकाठी
ताई, प्रवेश फुकट आहे. एस २ ने डाखाऊ स्टेशन, तिथून ७२६ नंबरची बस. पण अकरा लहान वय आहे हो, तेरा तरी होऊ दे. तुम्ही दोघं जाऊन या, मुलीला माझ्याकडे सोडा. माझा लेक आहे, दोघं सायकली काढतील. व्यनि (खासगी निरोप) करते.