मदत हवी आहे: विद्यापीठातल्या स्टार्टअपला पहिला कारखाना कसा मिळवून द्यायचा?

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या उद्योजक संघटनेत गेली दोन वर्षं मी एक काम मनापासून करतोय. विद्यापीठातून बाहेर पडलेल्या, हवामानबदलावर तंत्रज्ञान तयार करणाऱ्या छोट्या कंपन्यांची आमच्या सभासद कारखानदारांशी गाठ घालून द्यायची. मेळावे भरतात, ओळखी होतात. पण यंत्र कुणाच्या आवारात बसण्यापर्यंत गोष्ट क्वचितच जाते.

सध्याचंच सांगतो. एका चमूने कारखान्याच्या गरम सांडपाण्यातली उष्णता परत मिळवणारा हीट एक्स्चेंजर बनवलाय. प्रयोगशाळेत उत्तम चालतो. तंत्रज्ञान वापरासाठी किती तयार झालंय हे सांगणाऱ्या नासाच्या ९ पायऱ्यांच्या टीआरएल मोजपट्टीवर ते चौथ्या पायरीवर आहेत. पुढे जायचं तर खरं सांडपाणी हवं, ज्यात तंतू असतात, रसायनं असतात, ज्याचा थर पत्र्यावर बसतो. एक सभासद जागा द्यायला तयारही झाले. मग त्यांच्या मेन्टेनन्स प्रमुखांनी विचारलं, "लाइन थांबली तर नुकसान कोण भरून देणार?" चमूकडे पैसे नाहीत, विद्यापीठ म्हणतं कंपनी स्वतंत्र आहे, आणि संघटनेत असल्या खर्चाची तरतूदच नाही. बैठक तिथेच संपली. त्यांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो.

क्लाइमवर्क्सचं उदाहरण मी भेटेल त्याला सांगतो. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातून ही कंपनी २००९ साली निघाली. हवेतून कार्बन डायऑक्साइड ओढून घेणारा त्यांचा पहिला व्यावसायिक प्रकल्प २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्याच हिनविल इथे सुरू झाला, कचरा जाळणाऱ्या केंद्राच्या छतावर. उष्णताही त्याच केंद्राची, आणि वायू विकत घेणारं हरितगृह शेजारचंच. क्षमता वर्षाला ९०० टन, म्हणजे तशी लहानच. पण छत देणारा आणि माल घेणारा, दोघंही हाकेच्या अंतरावर! असा शेजार जुळवणं स्थानिक संघटनेला जमायला हवं. कुणाच्या आवारात रिकामी जागा आहे, कुणाचा बॉयलर बदलायला आलाय, हे आम्हाला ठाऊक असतं.

तर ज्यांनी असं काही घडवून आणलंय त्यांना विचारायचंय. चाचणीच्या करारात नुकसानीची जबाबदारी तुम्ही कशी वाटून घेतलीत? विमा मिळाला का?

माझ्या डोक्यात असं आहे: चार-पाच कारखान्यांनी मिळून एकाच चाचणीचा खर्च उचलायचा. यंत्र वार्षिक शटडाऊनच्या वेळी बायपाससकट बसवायचं, म्हणजे ते बिघडलं तरी व्हॉल्व्ह फिरवून मूळ प्रवाह चालू ठेवता येईल. मोजमापं सगळ्यांना खुली. पण यांतले दोघं एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत. आपल्या सांडपाण्यात काय आहे हे ते एकमेकांना कळू देतील का?

आणखी एक. ठरलेले आकडे मिळाले तर खरेदी करू, हे चाचणीआधीच लिहून घ्यावं का? तसं न केल्यामुळे आधीच्या एका चमूने तीन ठिकाणी फुकट चाचण्या केल्या, अहवाल चांगले आले, ऑर्डर मात्र एकही नाही. कंपनी बंद पडली. ती मुलं आता दुसरीकडे नोकरी करतात. मला ते फार लागलं.

कुणाकडे कराराचा मसुदा असेल तर नावं खोडून दिलात तरी चालेल. पुढची बैठक १५ दिवसांवर आली आहे.