सेकंडहँड लक्झरी एसयूव्ही: डिझेल घ्यावी की पेट्रोल?

मंदगती
घरात मोठी गाडी घ्यायचं ठरलंय. नवी परवडत नाही, म्हणून जुनी बीएमडब्ल्यू एक्स५, एफ१५ पिढीतली (२०१३ ते २०१८). दोन गाड्या पाहून ठेवल्यात. दोन्ही २०१६ च्या, किंमत जवळपास सारखीच.

पहिली ३०डी, डिझेल. रनिंग ९५ हजार किमी, एकच मालक, सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावलेली.

दुसरी ३५आय, पेट्रोल. रनिंग ४२ हजार. दिसायला नवीकोरी, पण मधल्या तीन वर्षांचा सर्व्हिसचा एकही कागद नाही. विकणारे म्हणतात, "गाडी उभीच होती, सर्व्हिस कशाला करायची?"

आमचा वापर असा: ऑफिस सात किमी, मुलांची शाळा त्याच वाटेवर. दोन-तीन महिन्यांतून एखादा लांबचा प्रवास. वर्षाला जेमतेम आठ हजार किमी होतील. नवऱ्याला डिझेलच हवी, ॲव्हरेज आणि ओढ दोन्हीसाठी. माझं मन पेट्रोलकडे, पण त्या नसलेल्या कागदांमुळे धीर होत नाही. जाणकारांनी सांगावं. "इलेक्ट्रिक घ्या" हा सल्ला कृपया नको, तो घरात रोज मिळतो.

टर्बोपंत
डिझेल. डोळे मिटून. ३०डी ला ५६० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे ओढ) आहे आणि तोही १५०० आरपीएमपासून. ३५आय ची अश्वशक्ती जास्त (३०६, डिझेलची २५८), पण टॉर्क ४००. गाडीचं वजन दोन टनांच्या वर. पाच माणसं, डिकी भरून सामान आणि समोर चढ, अशा वेळी डिझेलला काही जाणवतसुद्धा नाही. तुमचे यजमान बरोबर बोलतायत.

तेलकट_हात
पंत, ओढीबद्दल वादच नाही. पण सात किमीवरच्या ऑफिसला जायला ५६० न्यूटन मीटरचं करायचं काय? सिग्नलला सगळ्यांत आधी सुटायचं?

मंदगती, तुमच्या वापराला डिझेल नको. कारण ॲव्हरेज नाही, डीपीएफ. धुरातली काजळी हा फिल्टर धरून ठेवतो आणि भरत आला की गाडी ती स्वतःच जाळते. त्यासाठी फिल्टरमध्ये साधारण ६०० अंश तापमान लागतं. म्हणजे इंजिन पूर्ण तापलेलं हवं आणि पुढे पंधरा-वीस मिनिटं गाडी सलग पळायला हवी. सात किमीत एवढं मोठं डिझेल इंजिन धड तापतही नाही. काजळी जाळायला सुरुवात होते न होते तोच तुम्ही ऑफिसच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद करता. संध्याकाळी पुन्हा तेच.

आता खरी गोम. हे तापमान वाढवायला गाडी सिलिंडरमध्ये जास्तीचं डिझेल उशिरा सोडते. त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या कडेने खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. दर वेळी काम अर्धवट राहिलं की ऑइल पातळ होत जातं आणि त्याची पातळी वाढते. ऑइल कमी झालं की सगळे धावपळ करतात, वाढलं तर कुणी ढुंकून बघत नाही. पण टर्बोचं बेअरिंग आणि टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) त्याच ऑइलवर जगतात. या सहा सिलिंडर डिझेलची चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. तिच्यापर्यंत पोचायचं तर नुसतं बॉनेट उघडून भागत नाही, मोठी उतरवाउतरव करावी लागते.

ॲव्हरेजचाही हिशोब करून टाकू. पेट्रोल लिटरला आठ, डिझेल बारा धरा. (छोट्या फेऱ्यांत डिझेलही बारा देणार नाही, पण पंतांच्या बाजूने मोजतोय.) आठ हजार किमीला पेट्रोल १००० लिटर, डिझेल ६६७. वर्षाला वाचले ३३३ लिटर. या गाडीची टाकी ८५ लिटरची, म्हणजे चार टाक्या. डीपीएफ, इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) यांतलं एक काम निघालं की कित्येक वर्षांच्या टाक्या त्यात जातात. वर्षाला २५ हजार किमी असते, तेही मोकळ्या रस्त्यावर, तर हजारावर लिटर वाचले असते आणि मीच म्हटलं असतं, डिझेल घ्या.

मंदगती
म्हणजे ३५आय घेऊ?

तेलकट_हात
छे. पेट्रोल घ्या म्हणालो, *ही* पेट्रोल घ्या म्हणालो नाही.

"उभीच होती" हे कौतुक नव्हे. ऑइल किमीवर बदलतात तसं मुदतीवरही बदलावं लागतं. या इंजिनाचे नेहमीचे त्रास म्हणजे व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट (ऑइल गळू न देणारं रबर), ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट आणि विजेवर चालणारा वॉटर पंप. उभ्या गाडीतही रबर कडक होतंच. शिवाय इंजेक्शन थेट सिलिंडरमध्ये होतं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्या पाठीवर कार्बन साचतो. तो अक्रोडाच्या कवचांचा भुगा हवेच्या दाबाने मारून काढतात. हे सगळं आवाक्यातलं आहे, यातलं काही मला घाबरवत नाही.

मला घाबरवतात ती तीन वर्षं. कागद नसण्याची कारणं दोनच. एकतर सर्व्हिस झाली नाही, किंवा झाली पण त्या बिलावरचा किमीचा आकडा दाखवण्याजोगा नाही. गाडीच्या मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बीएमडब्ल्यूच्या किल्लीत किमीचा आकडा साठवलेला असतो, तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये वाचता येतो. दोन्ही किल्ल्या मागा. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचं लेदर, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. ४२ हजारांत सीटची कड फाटत नाही.

काळाकुट्ट
डिझेलचा अनुभव लिहितो. माझीही जुनी मोठी डिझेल, ब्रँड राहू दे. फिल्टरचा दिवा लागायचा, वर्कशॉपवाले लॅपटॉप जोडून जबरदस्तीने काजळी जाळायचे, बिल द्यायचे, महिनाभरात दिवा पुन्हा हजर. हेच चालू होतं. शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिकने फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची नळी ओढून दाखवली. चिरलेली होती, बोटाने दाबली की चीर उघडायची. नळी बदलली, दिवा गेला. फिल्टरला काहीच झालेलं नव्हतं. तेव्हा दिवा लागला म्हणजे डीपीएफ बाद असं लगेच समजू नका.

तेलकट_हात
+१. नळीआधी फिल्टर बदलणारे महाभाग मीही पाहिलेत.

गिअरबदलू
मूळ प्रश्न इंधनाचा आहे, पण या गाड्यांचा मोठा खर्च इंधन बघत नाही. एअर सस्पेन्शन असेल तर रात्रभर उभी राहून एक कोपरा खाली बसलाय का ते सकाळी बघा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच पॅटर्नचे आणि सारखे झिजलेले हवेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत अशी गाडी चालवली की चाकांच्या घेरात फरक पडतो आणि तो सगळा ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) सोसावा लागतो. हळू वेगात पूर्ण स्टिअरिंग वळवून थोडा ॲक्सिलरेटर द्या. गाडी अडखळली किंवा थरथरली तर तिथेच नमस्कार करून निघा.

आणि गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. आठ गिअरचा तो बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किमीच्या दरम्यान बदला म्हणते. ९५ हजारवालीच्या फाइलमध्ये ते बिल आहे का बघा. असेल तर मालक खरोखर गाडी जपणारा आहे.

टर्बोपंत
बिल असेल तर मग डिझेलच घ्या की! महिन्यातून एकदा हायवेला तासभर पळवली की डीपीएफ साफ. सगळेच जण उगाच घाबरवताय.

तेलकट_हात
पंत, काजळी जळेल, राख जळत नाही. राख इंजिन ऑइलमधल्या रसायनांची असते आणि फिल्टरमध्ये कायमची साचते. म्हणून कमी राखेचं, कंपनीने मंजूर केलेलंच ऑइल लागतं (बीएमडब्ल्यूचं एलएल-०४). आणि मुख्य म्हणजे गाडी महिनाभर थांबत नाही. काजळी कधी जाळायची ते तीच ठरवते, तुमच्या सुट्टीचा रविवार तिला माहीत नसतो.

तरीही यजमान हटूनच बसले, तर घ्यायच्या आधी स्कॅनर लावून तीन गोष्टी वाचा: फिल्टरमध्ये काजळी किती ग्रॅम, राख किती, आणि मागची साफसफाई पूर्ण होऊन किती किमी झाले. इंजेक्टरचे करेक्शनचे आकडेही बघा (कोणत्या इंजेक्टरचं डिझेल गाडीला किती कमी-जास्त करावं लागतंय), एकच इंजेक्टर बाकीच्यांपासून फटकून वागत असेल तर किंमत तिथेच पाडता येते.

चाकोरी
२०१८ मध्ये बीएमडब्ल्यूने ईजीआर कूलरसाठी बऱ्याच डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. कूलरमधून द्रव गळून काजळीत मिसळायचा आणि आग लागायचा धोका होता. चॅसी नंबर देऊन या गाडीला ते लागू होतं का आणि काम झालंय का ते विचारा. फुकट होतं ते.

पुढे विकण्याचाही विचार करा. काही शहरं जुन्या डिझेलला आत घेताना वेगळा नियम लावतात. लंडनच्या यूलेझमध्ये (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर निर्बंध असलेला भाग) पेट्रोलला युरो ४ (धुराच्या मर्यादेचा युरोपीय टप्पा) चालतं, डिझेलला युरो ६ लागतं.

मंदगती
सगळ्यांचे आभार. पेट्रोलवाल्यांना फोन केला. किल्ली वाचून घेऊ म्हटलं तर म्हणाले, दुसरी किल्ली हरवली आहे, आणि पहिली देऊन सर्व्हिस सेंटरला जायला त्यांना वेळ नाही. डिझेलवाल्यांनी मात्र सगळी बिलं फोटो काढून पाठवली. गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल आहे! नवरा आता घरभर विजयी मुद्रेने फिरतोय.

तेलकट_हात
पेट्रोलवाल्यांनी उत्तर दिलंच की. त्यांना सोडा.

डिझेलवाले भले माणूस दिसतायत. त्यांची गाडी रोज लांब पळणाऱ्याने घ्यावी, तुम्ही नाही. तुम्ही तिसरी शोधा: ३५आय, रनिंग ६०-७० हजार असलं तरी चालेल, पण बिलं अशीच हवीत. बघायला जाल तेव्हा इंजिन थंड ठेवा म्हणून आधीच सांगा आणि पोचल्यावर पहिला हात बॉनेटला लावा. गरम लागलं तर "सहज जरा फिरवून आणली" हे ऐकून परत या, दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी जा. थंड इंजिन सुरू होताना चेनची खडखड ऐकू येते का, एवढंच आधी ऐका. रेडिओ बंद ठेवायला सांगा, यजमानांनाही.