थरो, कम्प्लीट, एक्झॉस्टिव्ह, कॉम्प्रिहेन्सिव्ह : कुठे कोणता?

माझी भाची नागपुरात धंतोलीत एका सीएकडे आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करून राहिली आहे, परवा रात्री साडेदहाला तिचा फोन आला, मामा, 'एक्झॉस्टिव्ह' आणि 'थरो' यात नेमका फरक काय, सरांनी माझ्या ड्राफ्टमधे लाल पेनानं गोल केला अन् बाजूला नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं. वाक्य वाच म्हटलं. खरेदीच्या बिलांचं एक्झॉस्टिव्ह व्हेरिफिकेशन केलं, असं तिनं लिहिलं होतं. बिलं किती होती? तीनशेच्या वर. तू किती पाहिली? साठ. आता ही साठ बिलं पोरीनं खरंच जीव लावून पाहिली होती, जीएसटी नंबर, तारीख, माल आत आल्याची नोंद, सगळं ताडून, पण शब्द मात्र तीनशेची हमी देत होता.

हा शब्द मला नेहमी विहिरीवरून कळतो. आमच्या काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत उन्हाळ्यात विहीर उपसायचे, आधी पंपानं पाणी काढायचं, मग दोराला धरून माणूस खाली उतरायचा आणि घमेल्यानं गाळ वर यायचा, तळाचा खडक उघडा पडून झरा दिसेपर्यंत. एक्झॉस्टिव्हचं मूळ लॅटिनमधे हेच आहे, पाणी उपसून काढणं. काही शिल्लक उरलं की तो शब्द गेला. कायद्यात तर यावर अख्खे खटले चालतात, व्याख्येत 'मीन्स' असलं तर साधारणपणे ती व्याख्या एक्झॉस्टिव्ह धरतात, दिलंय तेवढंच, आणि 'इन्क्लूड्स' असलं तर आणखी काही बसायला जागा असते. (आणि दमवणाऱ्या दिवसाला काही जण एक्झॉस्टिव्ह म्हणतात, तो एक्झॉस्टिंग.)

थरो म्हणजे मुळात 'थ्रू'च, आरपार, थरोफेअर म्हणजे पार निघणारा रस्ता तो याच अर्थानं. त्यात किती वस्तू पाहिल्या याचा हिशोब नाही, पाहिलेल्या वस्तूत किती खोल शिरलात याचा आहे. म्हणून साठ बिलांची तपासणीही थरो असू शकते आणि तीनशेच्या तीनशे नुसती चाळली तर ती थरो नाही. ऑडिटवाल्यांकडे नमुना तपासणीसाठी एसए ५३० नावाचं स्टँडर्डच आहे, म्हणजे सगळं न पाहणं ही चूक नाहीच, पाहिलं असं भासवणं ही चूक.

कम्प्लीट वेगळा, त्याचं मूळ भरणं. काय काय हवं हे आधी ठरलेलं पाहिजे, मग ते सगळं जागेवर आहे की नाही एवढंच तो सांगतो. एप्रिलमधे कूलर काढला, पंप आहे, पंखा आहे, तिन्ही बाजूंच्या ताट्या आहेत, कूलर कम्प्लीट. टाकीत मागच्या वर्षीचा चुना तसाच असला तरी कम्प्लीटच. तो चुना खरवडायचा, पंपाची जाळी उघडायची, नळीची भोकं सुईनं मोकळी करायची, हे थरो.

कॉम्प्रिहेन्सिव्हनं मात्र लोक फसतात, कारण तो 'सगळं' असा ऐकू येतो. मूळ अर्थ कवेत घेणं, अन् कवेत विषयाच्या सगळ्या बाजू येतात, प्रत्येक बारीक गोष्ट येतेच असं नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा आमच्या ओळखीच्या एकाच्या गाडीच्या इंजिनात पाणी गेलं, पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह होती, पण पाणी गेलेल्या इंजिनासाठी वेगळं ॲड-ऑन लागतं ते घेतलेलं नव्हतं, क्लेम अडकला. बिचाऱ्यांना वाईट वाटलं ते पैशापेक्षा शब्दाचंच, "सगळं कव्हर आहे म्हणूनच तर घेतली होती ना."

आपल्याकडे आणखी एक वापर आहे, 'सिलॅबस थरो झाला का?' किंवा इंग्रजीत 'आय ॲम थरो विथ धिस चॅप्टर'. बोलताना चालतं, मलाही आवडतं, पण बाहेरच्या माणसाला लिहिताना थरो माणूस म्हणजे काम नीट करणारा माणूस, धडा पाठ असलेला नाही.

मराठीत मला हे असे लागतात : कसून तपासणी ती थरो, सर्वंकष किंवा सांगोपांग ते कॉम्प्रिहेन्सिव्ह (सांगोपांगमधे अंग आणि उपांग दोन्ही आले, म्हणजे आपला शब्द थोडा जास्तच कबूल करतो), परिपूर्ण किंवा नुसतं पूर्ण ते कम्प्लीट, आणि एक्झॉस्टिव्ह यादीला यच्चयावत, हा शब्द आता फार कमी ऐकू येतो पण त्याच्या इतका नेमका दुसरा मला सापडला नाही.

भाचीनं शेवटी लिहिलं की निवडलेल्या साठ बिलांची थरो तपासणी केली, आकड्यासकट. सरांनी तसंच जाऊ दिलं.

माझं एकच अडतं. कसून हे क्रियाविशेषण झालं, पण थरोनेस या नामाला काय म्हणायचं? काटेकोरपणा म्हटलं तर तो मेटिक्युलसकडे झुकतो, सखोलपणा पुस्तकी वाटतो. तुमच्या घरात, दुकानात, शेतात यासाठी एखादा शब्द बोलत असाल तर सांगा.