बामणोलीची लाँच : वीस मिनिटांत इंजिन तापतंय, टॅपेट लावून घेऊ का?

शिवसागरवाला :
नमस्कार मंडळी. कोयना धरणाच्या जलाशयातून, बामणोलीहून वासोटा किल्ल्याकडे पर्यटक नेतो. लाँच गेल्या वर्षी कोकणातून जुनी घेतली. दोन सिलिंडरचं, पाण्यावर गार होणारं डिझेल इंजिन आहे. पावसाळाभर काठावर ओढून ठेवली होती, आता सीझन तोंडावर आलाय. इंजिन चालू होतं, पण वीस मिनिटांत काटा चढतो. मागच्या नळीतून पाणी कमी आणि वाफ जास्त येते. फुल रेसला काळा धूर. मिस्त्री म्हणतात, डिझेल पंप कॅलिब्रेशनला (डिझेलचं माप जुळवायला) पाठवा आणि टॅपेट लावा, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवून घ्या. खर्च पाच आकडी सांगितलाय. टॅपेट लावणारा खात्रीचा माणूस सुचवा, नाहीतर आधी दुसरं काय बघू ते सांगा.

कृष्णाकाठ_सांगली :
दादा, माणूस नंतर बघू. वाफ येतेय म्हणजे आधी पाण्याकडं बघा, पाना मागनं. मी तीस वर्षं नदीवरच्या लिफ्टच्या, म्हणजे शेतीला पाणी उपसायच्या इंजिनांवर काम केलंय. बोटीचं इंजिन आतनं तेच असतं, फरक गार करण्यात.

पाणी ओढायच्या पंपाचं झाकण उघडा. आत रबरी पंखा असतो. पावसाळाभर तो एकाच जागी दबून राहिला की पाती वाकतात, तडकतात. पंप कोरडा फिरला तर एखाद्या मिनिटातसुद्धा पंखा जळतो. पाती मोजा. एक जरी कमी भरली तरी नुसता नवा पंखा टाकून झाकण लावू नका. तुटलेला तुकडा पुढं नळीत नाहीतर हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाची उष्णता बाहेरच्या पाण्याला देणारा नळ्यांचा डबा) तोंडाशी अडकलेला असतो, तो हातात येईस्तोवर शोधा. नवा बसवताना ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं. साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा. पुढच्या पावसाळ्यात पंखा काढून डब्यात ठेवा. पाणी आत येतं तिथली जाळीही बघा, धरणाची पातळी उतरली की गाळ आणि पाला तिथंच बसतो.

टॅपेट लावायचेत, पण नंतर आणि इंजिन गार असताना. बहुतेक इंजिनांना माप गारच्याचं दिलेलं असतं, तरी तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात खात्री करा. शेजारच्याचं ऐकून गॅप ठेवू नका. फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) हातानं फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या, म्हणजे हवा दाबायच्या फेरीत अगदी वरच्या टोकाला आणा. त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) बोटाला किंचित ढिले लागले पाहिजेत. एक जरी ताठ असला तर तुम्ही चुकीच्या फेरीवर आहात, आणखी एक पूर्ण फेरी द्या. फिलर गेजचं (फट मोजायची पातळ पट्टी) पातं त्या फटीतून ओढताना हलकी अटक जाणवली पाहिजे. मग लॉक नट आवळा आणि पातं परत घालून बघा. नट आवळताना स्क्रू फिरतो आणि गॅप बदलतो. टॅपेट वाजायचे राहिले म्हणून खूश होऊ नका. गॅप फार कमी ठेवला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. थोडं वाजलेलं परवडतं.

साताऱ्याचा_मालवणी :
वरच्या काकांशी सहमत. लाँच खाऱ्या पाण्यातून आलेली आहे, तेव्हा हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत क्षार धरला असणार, तो साफ करून घ्या. प्रोपेलरच्या शाफ्टवरचा जस्ताचा तुकडाही बदला, बाकीच्या धातूऐवजी तो झिजावा म्हणून असतो. गोड्या पाण्यात जस्तावर थर बसतो आणि ते निकामी होतं, तिथे मॅग्नेशियमचा लावतात. काळ्या धुरासाठी मात्र आधी बोटीखालच्या प्रोपेलरला हात घालून बघा. तो जड झाला की इंजिनावर लोड येतो आणि धूर काळाच येतो. पांढरा असता तर नोझल किंवा पाणी, निळा असता तर ऑइल म्हटलं असतं.

तापोळा_घाट :
शाफ्टच्या ग्लँडमधून (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं पॅकिंग) मिनिटाला दोन-तीन थेंब पडू द्या, अगदी कोरडा आवळलात तर शाफ्ट खातो. आणि एक कळकळीची विनंती. ऑइल बदललं की बोटीच्या तळातलं काळं पाणी जलाशयात सोडू नका, डब्यात भरून वर आणा. हेच पाणी पुढे कराडला कृष्णेत जातं.

शिवसागरवाला :
काका, पाय धरतो तुमचे. सहापैकी दोन पाती नव्हती. एक जाळीतच मिळालं. दुसऱ्यासाठी तासभर नळ्या उकलल्या, एक्स्चेंजरच्या आधीच्या वळणात नखाएवढा तुकडा आडवा बसला होता. क्षारही बराच निघाला. आता तास-तासभर चालवली तरी काटा हलत नाही. धूर राहिला होता, म्हणून मालवणी दादांचं ऐकून खाली उतरलो. प्रोपेलरच्या मुळाशी मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन घट्ट गुंडाळला होता, कोयत्यानं कापून काढला. धूर जवळजवळ गेलाय. पंप कॅलिब्रेशनला पाठवत नाही. उद्या सकाळी इंजिन गार असताना टॅपेट मीच लावणार आहे. पुस्तक कोकणातल्या जुन्या मालकांकडून मागवलंय.

कृष्णाकाठ_सांगली :
लावा बिनधास्त. फ्लायव्हीलवरची खूण आधी रॉकेलनं पुसून घ्या, गंजात दिसत नाही. अडलं तर इथंच लिहा, मी पहाटे पाचला उठतो.