धागा : गेममधली तुमची 'ती' कोण?

आमच्या गावात एसटी स्टँडच्या मागे एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. पत्र्याचं शेड, आत चार मशिनं, आणि घाम व अगरबत्ती यांचा मिळून झालेला एक वास. रुपयाला एक कॉइन. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. सगळ्यांनी त्याचं बारसं 'मुस्तफा' असंच केलेलं. कॅपकॉमने १९९३ साली काढलेला हा गेम आमच्या गावात पोचेस्तोवर ९७ उजाडलं होतं.

त्यात चौघांपैकी एक निवडायचा: जॅक, हॅना, मुस्तफा आणि धिप्पाड मेस. मुस्तफा धावत येऊन अशी लाथ हाणायचा की तीन-तीन गुंड आडवे. तो अर्थातच दादाचा. दुसऱ्या स्टिकवर मी, आणि माझ्या वाट्याला हॅना डंडी. "बाई आहे ना, मग तूच घे," एवढाच युक्तिवाद.

हॅनाला उडी जमायची नाही. दादाचा मुस्तफा हवेत उडतोय आणि माझी हॅना आपली जमिनीला चिकटून. मग मी जमिनीवरूनच लढायला शिकले. सुरी पडली, उचल. बंदूक पडली, उचल. दगड, पिंप, काहीही. तेव्हा कळलं की हॅनाची खरी ताकद हत्यारातच आहे, तिच्या हातात ती जास्त लागू पडतात. मे महिना संपता संपता दादाचा मुस्तफा आधी मरायचा आणि माझी हॅना एकटीच पुढे जायची. मागे उभी असलेली पोरं गप्प. तो गप्पपणा अजून कानात आहे.

तर, तुमची कोण? कोण दिसायला छान, याची यादी नको, ती इंटरनेटवर पोत्याने मिळेल. ती तुमच्याकडे केव्हा आली आणि तिच्यासोबत तुम्ही काय केलंत, ते लिहा. शेवट फुटले तर फुटले, जुन्या गेमबद्दल कुरकुर चालणार नाही.

संत्र्याची_फोड

लारा क्रॉफ्ट. दुसरं कोण असणार बे? पण मला आठवतो तो तिचा बंगला. 'टूम रेडर २' मध्ये सरावासाठी तिचं घर होतं. एक म्हातारा बटलर हातात ट्रे घेऊन, कपबशा खडखडवत मागे मागे फिरायचा. त्याला स्वयंपाकघरातल्या शीतगृहात न्यायचं, आपण पटकन बाहेर यायचं, दार बंद. मी आणि माझ्या आत्येभावाने अख्खी दिवाळीची सुट्टी हेच केलं. चीनची भिंत नंतर कधीतरी पाहिली.

पुढच्या भागाची (१९९८) सुरुवात तर भारतातच होते. जंगलात वाघ आणि माकडं, देवळात सहा हातांच्या मूर्ती जिवंत होऊन तलवारी घेऊन धावतात, आणि त्यानंतर गंगेकाठी चारचाकी मोटारसायकल. आजी मागून बघत होती. म्हणाली, देवळात जोडे घालून गेली म्हणून मूर्ती चिडली.

साखरशाळा

कुणीच आन्याचं नाव घेणार नाही, म्हणून मी घेतो. 'प्रोजेक्ट आय.जी.आय.', डिसेंबर २०००. नॉर्वेच्या कंपनीचा गेम, पण भारतात ज्या घरात कॉम्प्युटर होता त्या घरात तो होताच. जोन्स एकटा शत्रूच्या तळात शिरतो आणि आन्या दूर कुठेतरी बसून त्याला रेडिओवर वाट सांगते.

वडील साखर कारखान्यात. ऑफिसचा कॉम्प्युटर रविवारी मोकळा. १४ मिशन, आणि मधे कुठे सेव्ह करायची सोय नाही. पाऊण तास सरपटत जा, कॅमेरा चुकव, शेवटच्या फाटकापाशी एक गोळी खा, की पुन्हा पहिल्या तारेपासून. कुणी ओरडायला नाही, शाबासकी द्यायला नाही. फक्त आन्याचा थंड आवाज. इंग्रजी निम्मं कळायचं नाही. पण आवाज आला म्हणजे आपण बरोबर चाललोय, एवढं कळायचं. आज गाडीत नकाशावाली बाई "उजवीकडे वळा" म्हणते तेव्हा मी अजूनही थोडा वाकून बसतो.

निळी_खिडकी

मी खूप दिवस विचार करत होते की हे कुठे लिहावं.

'हेलब्लेड'ची सेनुआ. २०१७ चा गेम. ही स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवरची, पिक्ट नावाच्या प्राचीन जमातीची योद्धी. तिचा माणूस मारला गेलाय, त्याचं शिर कापडात गुंडाळून कमरेला बांधलंय आणि त्याचा आत्मा सोडवायला ती थेट नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या नरकात निघालीय. पण मुख्य म्हणजे तिला आवाज ऐकू येतात. सतत. गेम सुरू होतानाच सांगतात की हेडफोन लावा. लावला, आणि डाव्या कानामागे कुणीतरी हसलं. उजवीकडून कुणी म्हणालं, ही मरणार. तिसरी म्हणाली, नाही गं, बघ, जातेय.

माझ्या मावशीला असे आवाज यायचे. आम्ही मुलं लहान होतो. घरात म्हणायचे, तिच्या अंगात येतं. कुठल्या कुठल्या ठिकाणी नेलं, धागे बांधले, एकदा तर उपाशी ठेवलं. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. मी एकदा धीर करून विचारलं होतं, काय म्हणतात गं? ती म्हणाली, सगळेच काही वाईट नसतात.

मला ते वाक्य कधी कळलंच नव्हतं. गेममध्ये अंधारात लढताना पाठीमागून वार येतो आणि त्याच आवाजांपैकी एक ओरडतो, मागे बघ! मी वळले आणि वाचले. नंतर कितीतरी वेळ गेम थांबवून बसून होते.

हे काही कुणी कल्पनेनं रचलेलं नाही. बनवणाऱ्यांनी केंब्रिजमधले मनोविकारतज्ज्ञ पॉल फ्लेचर यांना सोबत घेतलं, आणि ज्यांना खरोखर आवाज येतात अशा माणसांना बसवून विचारलं, असं असतं का? सेनुआचं काम करणारी मेलिना युर्गेन्स ही मुळात त्याच स्टुडिओत व्हिडिओ संपादन करायची. तात्पुरती म्हणून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि तीच सेनुआ झाली. पुढच्या वर्षी तिला त्या अभिनयासाठी बाफ्टा हे ब्रिटिश पारितोषिक मिळालं.

मावशी आता बरी आहे. तिला मी गेम दाखवलेला नाही. दाखवावा का, ते ठरत नाही.

जुनी_कॅसेट

वरचं वाचून माझं लिहावं की नाही कळेना. पण धागा पुढे जायला हवा.

फराह, 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम', २००३. भारतातल्या एका महाराजाची मुलगी, तेही राज्य लुटलं गेल्यावर कैद झालेली. लुटणारा कोण? आपला हीरो आणि त्याचा बाप. त्यामुळे ती अर्धा गेम हीरोवर विश्वास ठेवत नाही. बरोबरच आहे तिचं.

ती धनुष्य चालवते, भिंतीच्या फटीतून सरकून पलीकडून दार उघडते, आणि मधेमधे तिचा बाण चुकून आपल्यालाच लागतो. ती मेली तर आपणही संपलो. दोघं सतत भांडतात. मी कॉलेजात होतो, रूमवर आम्ही चौघं एकाच कीबोर्डवर. एकाने भिंतीवर धावायचं, दुसऱ्याने तलवार, असं वाटून घेतलेलं. हातात वेळ मागे फिरवणारा खंजीर. आणि आपण मेलो की राजपुत्राचा आवाज येतो, छे, असं नव्हतं झालं, चुकलो, पुन्हा सांगतो.

तो कुणाला सांगतोय, हे मला अगदी शेवटपर्यंत सुचलं नव्हतं. शेवटी वेळ पार सुरुवातीला जाते. काहीच घडलेलं नसतं. तो रात्री फराहच्या दालनात येतो, खंजीर परत करायला, आणि तिला तर तो माहीतच नाही. म्हणजे आपण तासन्‌तास खेळलो ती गोष्ट तो त्या क्षणी तिलाच सांगत होता. जाताना लहानपणी तिने आपल्यापुरता जपलेला एक शब्द तो उच्चारतो, जो तिने कधीकाळी (जी वेळ आता नाहीच) त्याला विश्वासाने सांगितलेला. तिचा चेहरा बघत राहावा असा होतो.

रूमवरच्या चौघांपैकी दोघांचा आता संपर्क नाही. तो शब्द मात्र आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव होता बरीच वर्षं.

यारा_नदीकाठ

मेलबर्नहून. क्लोई फ्रेझर, 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' (२०१७). अर्धी भारतीय, अर्धी ऑस्ट्रेलियन, म्हणजे माझ्या मुलीला पहिल्यांदाच पडद्यावर "आपल्यासारखी" कुणी दिसली. क्लोई सह्याद्रीच्या रांगांत गणपतीचा दात शोधत हिंडते. बेलूर-हळेबीडचं होयसळ राज्य, हत्तीवरून सवारी, धबधबे. खऱ्या हळेबीडला आम्ही हासनहून बसने गेलो होतो, मुलीने उतरल्या उतरल्या विचारलं, धबधबा कुठेय?

खरी गंमत दाताची. क्लोई सांगते त्या कथेत दात परशुरामाच्या परशूने तुटतो. मुलगी म्हणाली, चुकलं! आजीने तर सांगितलंय की महाभारत लिहायला गणपतीने स्वतः मोडला. लगेच चिपळूणला फोन. आजी म्हणाली, दोन्ही खरं. परशू शंकराने दिलेला, वडिलांची वस्तू फुकट जाऊ नये म्हणून त्याने घाव दातावर घेतला. आणि वर, "परशुरामाचं देऊळ आपल्या डोक्यावर आहे, ती गोष्ट मी तुला सांगायला हवी होती, त्या बाईने नाही." आजी त्या बाईवर अजून जरा रागावलेली आहे.

कोथरूडकर_नाही

पुण्यातच बनलेला 'राजी' (२०२०) कुणी खेळलाय का? सर्कशीत कसरती करणारी पोरगी, असुरांनी पळवलेल्या गोलू नावाच्या धाकट्या भावाला शोधायला निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, आणि दुर्गा नि विष्णू वरून तिच्याबद्दल गप्पा मारत असतात. मोठी माणसं गच्चीवरून खाली खेळणाऱ्या पोरांकडे बघून बोलतात, तसं. लढाई मधेमधे अडखळते, शेवट तर असा तुटतो की लाइट गेली असं वाटतं. पण राजी खांबावर चढून गरकन फिरते ते बघून माझी नऊ वर्षांची भाची मल्लखांबाच्या वर्गाला जायला लागली. तिला धाकटा भाऊ आहे. त्याला कुणी पळवलं तर शोधणार का, विचारलं तर म्हणाली, बघू.

बग_नोंदवला

ग्लॅडोस, 'पोर्टल', २००७. शरीर म्हणावं तर छताला लटकलेलं यंत्र, बाकी सगळा आवाज. एकामागून एक चाचण्या करायला लावते, अतिशय गोड बोलून अपमान करते आणि शेवटी केक मिळेल म्हणते. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये १२ वर्षं आहे. केकची वाट बघतेय.

दोन_पोळ्या_भात

मी गेमबिम खेळणाऱ्यातली नाही. मुलाने कॉम्प्युटरवर 'डायनर डॅश' टाकलेला, त्यातली फ्लो. शेअरबाजारातल्या नोकरीला विटून बाहेर पडते आणि एक मोडकळीला आलेलं हॉटेल चालवायला घेते. मी तेव्हा पतपेढी सोडून घरगुती खानावळ सुरू केली होती आणि रोज रडत होते, म्हणून मला ती आपली वाटली.

त्यात एक युक्ती आहे. एकेका टेबलाचं सगळं आटपत बसलात तर मेलात. सगळ्यांच्या ऑर्डरी एकदम घ्यायच्या, सगळी ताटं एकदम वाढायची, बिलं एकदम. एकच काम सलग केलं की जास्त गुण. मी हे दुसऱ्या दिवशी खरंच करून पाहिलं. आधी सगळ्या पंगतीला आमटी, मग सगळ्यांना भात. आमच्या वाढप्याला वाटलं मी कुठला कोर्स केला. गिऱ्हाईक ताटकळलं की गेममध्ये त्याची बदामं कमी होतात, इकडे भुवया वर जातात, तेवढाच फरक. आणि हो, फ्लोचा सिलिंडर कधी संपत नाही.

नाव_नको

माझी आवडती म्हणजे मीच केलेली. मोबाइलवरच्या एका टीम-गेममध्ये मी लाल केसांची, उंच, चष्मेवाली बाई बनवली होती. तीन दिवस टिकली. माइक चालू केला की पहिल्या वाक्यालाच समोरचे सुरू: आवाज खरा आहे का, नंबर दे, स्वयंपाक कर. आता मी दाढीवाला बुवा घेऊन, माइक बंद ठेवून खेळते. नेम चांगला आहे माझा, "भाई, मस्त" असे मेसेज येतात. लाल केसवाली अजून खात्यात आहे, नवीन कपडे आले की तिला घालून बघते. धाग्यात बसत नसेल तर काढून टाका.

(धागाकर्ती)

काढत नाही. बसतंय.

एकच_लाथ

तायडे, धागा आत्ता दिसला. एक सांगायचं राहून गेलंय. हॅनाला उडी मारता येते. चांगली येते. त्या मशिनच्या दुसऱ्या स्टिकचं उडीचं बटण मेलेलं होतं, मालकाने खाली आगकाडी अडकवून ठेवली होती. म्हणून तर ती स्टिक तुझी. दोन्ही बटणं एकदम दाबली की जो जोरदार वार बसतो, तोही तुला कधी मिळाला नाही.

(धागाकर्ती)

२७ वर्षं. दादा, २७ वर्षं मी लोकांना सांगतेय की हॅनाला उडी येत नाही.

रविवारी लॅपटॉप घेऊन ये. पहिली स्टिक माझी.