मदत हवी आहे: फर्स्ट इयरला पास केलेलं मेकॅनिक्स सेकंड इयरला जातं कुठे?

बलरेखा

सेकंड इयर मेकॅनिकलला स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स (एसओएम) शिकवते. वर्गात ७२ मुलं, त्यांतली १४ डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली. आठवड्याला ३ लेक्चर, प्रत्येक बॅचला १ ट्युटोरियल, टर्म जेमतेम १२ आठवड्यांची. इन-सेम ३० मार्कांची, एंड-सेम ७० ची.

अडचण एसओएमची नाहीच, त्याच्या खालच्या मजल्याची आहे. एफबीडी (वस्तू सुटी करून तिच्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती) काढा म्हटलं की वर्ग थांबतो. हिंजला एकच रिअ‍ॅक्शन (टेकूचं उलट बल) दाखवतात, फिक्स्ड एंडचा मोमेंट (बलाचा फिरवणारा परिणाम) विसरतात, दोरीतला ताण वस्तूला ढकलताना दाखवतात. हीच मुलं काही महिन्यांपूर्वी मेकॅनिक्समध्ये पास झाली आहेत, काहींना मार्कही चांगले आहेत.

आतापर्यंत केलं ते असं: सुरुवातीची दोन लेक्चर उजळणी, नोट्स ग्रुपवर, ४० गणितांची क्वेश्चन बँक, दर युनिटला एक असाइनमेंट. उजळणीला सगळे माना डोलावतात, "समजलं मॅडम" म्हणतात, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तीच चूक. असाइनमेंट पाच-सहा वह्यांमधून बाकीच्या वह्यांत जशीच्या तशी उतरते.

आहे त्याच टाइमटेबलमध्ये, सिलॅबस मागे न पडता काय बदलता येईल? "मुलांना सहभागी करून घ्या" एवढ्यावर थांबू नका, नेमकी कृती सांगा ही विनंती.

सांधा

आधी हे पाहा की मुलं विसरली आहेत, की मुळात त्यांना कधी आलंच नव्हतं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. त्यासाठी एक गणित देतो.

६ मीटरचा सिम्पली सपोर्टेड (दोन्ही टोकांना नुसता टेकलेला) बीम घ्या. डाव्या टेकूपासून पहिल्या ३ मीटरवर ४ किलोन्यूटन प्रति मीटर यूडीएल (सारखा पसरलेला लोड), आणि डावीकडून ४ मीटरवर ९ किलोन्यूटनचा पॉइंट लोड. रिअ‍ॅक्शन डावीकडे १२, उजवीकडे ९. त्या फळ्यावर लिहूनच द्या, त्यात वेळ घालवू नका. मग वह्या बंद, ८ मिनिटं, तीन प्रश्न:

१. डावीकडून २ मीटरवर बीम कापा आणि डाव्या तुकड्याची एफबीडी काढा.
२. डावीकडून १.५ मीटरवर बेंडिंग मोमेंट (बीमला वाकवणारा मोमेंट) किती?
३. ३ ते ४ मीटरच्या दरम्यान शिअर (कापलेल्या जागी आतलं उभं बल) किती आणि मोमेंट किती?

पहिल्यात ठरलेली चूक म्हणजे २ मीटरच्या तुकड्यावर अख्खे १२ किलोन्यूटन १.५ मीटरला ठेवायचे. तुकड्यावर खरा लोड फक्त ८, आणि तो १ मीटरला. "यूडीएलचा पॉइंट लोड करायचा" हा नियम डोक्यात पक्का असतो. तो कापण्याआधी लावायचा की कापल्यानंतर, हे मात्र माहीत नसतं. दुसऱ्याचं उत्तर १३.५. वरची चूक करणाऱ्याला १८ येतं.

खरी मेख पुढे आहे. या बीमचा मॅक्झिमम मोमेंटसुद्धा १८ च आहे. म्हणजे नेहमीसारखं "मॅक्झिमम बेंडिंग मोमेंट काढा" असं विचारलंत, तर चुकीच्या रीतीने सोडवणाऱ्याचंही उत्तर बरोबर येतं आणि त्याला मार्क मिळतात. फर्स्ट इयरला मिळालेले चांगले मार्क काही अंशी असेच आलेले असू शकतात.

तिसऱ्यात शिअर शून्य आणि मोमेंट १८ वर स्थिर. "शिअर शून्य म्हणून मोमेंटही शून्य" असं लिहिणाऱ्याला मोमेंटचा उतार म्हणजे शिअर हे नातं समजलेलंच नाही.

कागद मार्कांप्रमाणे लावू नका, चुकांप्रमाणे गठ्ठे करा. कुठला गठ्ठा जाड आहे ते बघूनच पुढचं ट्युटोरियल ठरवा.

टेकूंचं कोष्टक पाठ करून घेणं बंद करा. एकच प्रश्न विचारायची सवय लावा: हा टेकू काय काय अडवतो? आडवं सरकणं, उभं सरकणं, फिरणं. जे अडवतो त्याची रिअ‍ॅक्शन. रोलर एक गोष्ट अडवतो, हिंज दोन, फिक्स्ड एंड तिन्ही. चार चित्रं पाठ केलेली मुलगी पाचव्या चित्राला अडते. हा प्रश्न लागू करणारी अडत नाही.

उजळणी_रोज

सांधा यांचं निदान बरोबर आहे. त्यावरचा उपाय उजळणीचं लेक्चर नव्हे. त्यात वेळ सर्वांत जास्त जातो आणि टिकतं सर्वांत कमी, कारण फळ्यावरचं ओळखीचं वाटणं म्हणजे आठवणं नव्हे.

रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये हे नेमकं दाखवलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा उतारा बाजूला ठेवून आठवून लिहिणारे पुढे गेले. रोहरर आणि टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात घनफळाची गणितं होती. एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्यांची सरावातली उत्तरं ८९ टक्के बरोबर, प्रकार मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने पहिल्यांची २० टक्के, दुसऱ्यांची ६३.

आता तुमची क्वेश्चन बँक बघा. ती युनिटप्रमाणे लावलेली असणार. वर "टॉर्शन" असं शीर्षक असलं की कुठली रीत लावायची हा प्रश्नच मुलाला पडत नाही. पेपरात शीर्षक नसतं.

करायचं असं. प्रत्येक लेक्चरची पहिली ६ मिनिटं, ३ प्रश्न, अर्धा कागद. एक प्रश्न कालच्या लेक्चरचा, एक दोन-तीन आठवड्यांपूर्वीचा, एक फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सचा. प्रत्येक दीड मिनिटात होईल एवढाच, शक्यतो आकडेमोड नसलेला: एफबीडी काढा, चिन्ह सांगा, कुठल्या बिंदूभोवती मोमेंट घ्याल आणि का. साडेचार मिनिटांनी पेन खाली. दीड मिनिटात तुम्ही फळ्यावर उत्तरं काढायची, मुलांनी लाल पेनाने आपलं आपण दुरुस्त करायचं. मूळ चूक खोडायची नाही, शेजारी बरोबर लिहायचं.

बिघडतं ते बहुतेक मार्क लावल्यामुळे. मार्क आले की कॉपी आली. फार तर टर्मवर्कातले ५ मार्क द्या आणि तेही दुरुस्ती केलेला कागद दाखवल्याबद्दल, उत्तर बरोबर आल्याबद्दल नाही. दुसरं कारण, उत्तर त्याच तासाला न देणं. दोन दिवसांनी मिळालेल्या उत्तराकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

बलरेखा

आभार. दोन शंका. १२ आठवडे गुणिले ३ लेक्चर गुणिले ७२, म्हणजे अडीच हजारांहून जास्त कागद, ते तपासणार कधी? आणि मुलं फीडबॅकमध्ये "शिकवत नाहीत, नुसत्या टेस्ट घेतात" असं लिहितात, ते एचओडींसमोर जातं.

उजळणी_रोज

तपासायचे नाहीतच. रोज एका रांगेचे दहा-बारा कागद घ्या, दर वेळी वेगळी रांग. चहा पिता पिता चाळून होतात आणि वर्ग कुठे अडला आहे ते दिसतं.

फीडबॅकची भीती खरी आहे. २०१९ मध्ये हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गांवर डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतः सोडवत शिकलेल्या मुलांना चाचणीत जास्त आलं, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. छान लेक्चर ऐकलेल्यांचं उलट. म्हणून पहिल्याच दिवशी वर्गाला हे सांगून टाका. इन-सेमनंतर पहिल्या आठवड्याचे कागद त्यांच्याच हातात द्या, आपली जुनी चूक त्यांना ओळखता येते.

एचओडींसाठी एक आकडा: फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या लेक्चरच्या वर्गात सरासरी ३३.८ टक्के नापास, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात २१.८ टक्के.

दोन_टेकू

ट्युटोरियलला नव्हे, लेक्चरच्या मधोमध करायची एक गोष्ट सुचवतो. एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली पद्धत (पीअर इन्स्ट्रक्शन), मत नोंदवायचं मशीन न लावता. प्रत्येक मुलाकडे चार रंगांची कार्डं. वरच्याच बीमवर प्रश्न: ३ ते ४ मीटरमध्ये मोमेंटचा आलेख कसा दिसेल? शून्यावर आडवी रेघ, १८ वर आडवी रेघ, तिरकी रेघ, की पॅराबोला.

एक मिनिट एकट्याने विचार, बोलायचं नाही. मग तीन म्हणताच सगळ्यांनी एकदम कार्ड छातीशी धरायचं. हात वर करायला सांगू नका, सगळे हुशार मुलाकडे बघून हात वर करतात. बरोबर ३० टक्क्यांहून कमी असतील तर चर्चा लावू नका, तिथे चुकीचंच पसरतं. मुद्दा परत शिकवा. ३० ते ७० टक्के असतील तर वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला दोन मिनिटं पटवायला सांगा आणि पुन्हा मत घ्या. ७० च्या वर असतील तर एका वाक्यात कारण सांगून पुढे चला.

दोन गोष्टी सांभाळा. पहिल्या मतानंतर आकडा किंवा बरोबर उत्तर चेहऱ्यावरसुद्धा दिसू देऊ नका. आणि चर्चा मराठीत होऊ द्या. "मोमेंट वाढायला शिअर पाहिजे ना, इथे शिअरच नाही, मग आहे तेवढाच राहणार" हे वाक्य मुलं मराठीत सहज बोलतात. इंग्रजीत सक्ती केली की गप्प बसतात.

लेक्चरला एकच प्रश्न, ५ ते ७ मिनिटं.

जुना_पॅटर्न

वरचं सगळं पटतं, पण एक धोका दाखवतो. एंड-सेमला मुलाला पूर्ण लांबीचं गणित एकट्याने शेवटपर्यंत न्यावं लागतं. दीड मिनिटाच्या प्रश्नांनी ती दमछाक भरून निघत नाही. शिवाय ज्याला काहीच येत नाही त्याची रोज चाचणी घेतली तर तो रोज कोरा कागद बघतो आणि तिसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावर जातो. नवशिक्याला आधी सोडवलेली उदाहरणं लागतात, हे स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्येच बीजगणितावर दाखवलं आहे.

म्हणून ट्युटोरियलला पायऱ्या गाळत जा. पहिलं गणित पूर्ण सोडवलेलं द्या, मुलांनी प्रत्येक ओळीशेजारी "हे का" एवढंच लिहायचं. दुसऱ्यात शेवटच्या दोन पायऱ्या कोऱ्या. तिसऱ्यात फक्त एफबीडी दिलेली. चौथं अख्खं कोरं, आणि ते वेगळ्या युनिटमधलं. एका तासात चार होत नाहीत, तीनच घ्या आणि चौथं घरी. असाइनमेंटची कॉपी थांबवायची असेल तर प्रत्येकाच्या रोल नंबरचे शेवटचे दोन आकडे लोडच्या जागी घाला. उत्तरपत्रिका एक्सेलमध्ये एकदाच करावी लागते. रीत कॉपी होईलच, पण निदान आकडे स्वतः मांडावे लागतात.

कीवे

डायरेक्ट सेकंड इयरच्या १४ मुलांकडे कोणी वळलं नाही. त्यांना वेगळं काढून "वीक स्टुडंट" म्हणू नका. शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटचे आलेख त्यांनी डिप्लोमाला काढलेले असतात, हात चालतो. ती अडतात कॅल्क्युलसला, आणि ते उघडं पडतं डिफ्लेक्शनच्या (बीम किती खाली वाकतो त्याच्या) युनिटला.

तिथली नेमकी चूक: डबल इंटिग्रेशनमध्ये (मोमेंटचं दोनदा इंटिग्रेशन करून डिफ्लेक्शन काढताना) दोन्ही कॉन्स्टंट शून्य धरून टाकणं. कॅन्टिलिव्हरला (एकाच टोकाला पक्का धरलेल्या बीमला) ओरिजिन फिक्स्ड एंडला घेतला असेल तर ते चालून जातं, आणि म्हणून सवय लागते. ओरिजिन फ्री एंडला नेला, किंवा बीम सिम्पली सपोर्टेड झाला, की उत्तर कोसळतं. डिफ्लेक्शन सुरू व्हायच्या चार आठवडे आधीपासून रोजच्या तीन प्रश्नांतला तिसरा प्रश्न आठवड्यातून एकदा यावर ठेवा: टेकू दिला आहे, तिथे स्लोप शून्य की डिफ्लेक्शन शून्य की दोन्ही? हा बारावीवरून आलेल्यांनाही लागतो, त्यामुळे कोणी वेगळं पडत नाही.

कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्या संपेपर्यंत टर्म सुरू झालेली असते. उशिरा आलेल्यांना झालेल्या नोट्स देऊ नका, झालेले छोटे प्रश्न द्या, उत्तरं वेगळ्या पानावर. आणि कार्डांच्या चर्चेला जोडी अशी बसवा की एक डिप्लोमाचा, एक बारावीचा. एकाला आलेख येतो, दुसऱ्याला इंटिग्रेशन.

गळती थांबवायची तर हजेरीची डिफॉल्टर लिस्ट लागेपर्यंत थांबू नका, ती लागते तेव्हा टर्म संपत आलेली असते. तिसऱ्या आठवड्याअखेर ९ छोट्या चाचण्या झालेल्या असतील. त्यांतल्या ३ किंवा जास्त चुकवलेल्यांची नावं मेंटरकडे द्या. त्याने घरी पत्र न पाठवता आधी मुलाशी बोलावं. एम-टूची (गणित दोनची) केटी म्हणजे राहिलेला पेपर, रोजचा दोन तासांचा प्रवास, रात्रीची नोकरी, यांतलं काय आहे ते कळल्याशिवाय एक्स्ट्रा लेक्चर लावून काही होत नाही.

बलरेखा

सोमवारपासून ६ मिनिटांचे प्रश्न आणि सांधा यांचा बीम. कार्डं पुढच्या आठवड्यात, एकदम सगळं सुरू करत नाही. शेवटचं विचारते: हे कागद एनबीएच्या (कोर्सला मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) फाइलला दाखवता येतील का? नाहीतर त्यासाठी वेगळी टेस्ट घ्यावी लागेल.

सांधा

येतील. प्रश्न काढतानाच त्याच्या शेजारी सीओ (कोर्स आउटकम) क्रमांक लिहून ठेवा आणि एका वहीत तारीख, प्रश्न, सीओ अशा तीन रकान्यांत नोंद ठेवा. अटेनमेंटचा (सीओ किती साध्य झाले त्याचा) हिशेब इन-सेम आणि एंड-सेमवरच करा. या छोट्या प्रश्नांवर केलात तर मार्क लावावे लागतील आणि उजळणी_रोज यांनी सांगितलेली कॉपी सुरू होईल. फाइलला टर्मच्या सुरुवातीचे आणि शेवटचे, त्याच मुलांचे दुरुस्त केलेले कागद जोडा. बीमचा तोच प्रश्न दहाव्या आठवड्यात पुन्हा घ्या, फक्त आकडे बदला. यूडीएल ४ मीटरवर ३ किलोन्यूटन प्रति मीटर, पॉइंट लोड ६ किलोन्यूटन, डावीकडून ५ मीटरवर. डावी रिअ‍ॅक्शन ९, उजवी ९. या वेळी शिअर ३ मीटरवर शून्य होतो, यूडीएलच्या आतच, आणि मॅक्झिमम १३.५ येतो. जुनी चूक करणाऱ्याला मात्र १८ येईल, म्हणजे या वेळी मॅक्झिमम विचारलात तरी ती पकडली जाते.