पावसाळ्यातसुद्धा शाळेत बूटच हवेत?

मुलगी तिसरीत आहे, शाळेचा नियम काळे लेदरचे बूट आणि पांढरे मोजे, जुलैत पण. काल सँडल घालून पाठवली तर डायरीत लाल पेनने शेरा. रोज रात्री बुटात पेपरचे बोळे कोंबून फॅनखाली ठेवते तरी सकाळी दमटच, आता बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्यात. वर बूट ठरलेल्या दुकानातूनच घ्या म्हणतात. काय करू?

उत्तर १: ताई, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आम्ही पाच पालकांनी मिळून दिला तेव्हा कुठे सप्टेंबरपर्यंत काळे सँडल चालतील अशी नोटीस निघाली.

उत्तर २: ठरावीक दुकानाची सक्ती शाळेला करताच येत नाही. पालक-शिक्षक संघात विषय काढा, नाही ऐकलं तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करा.

उत्तर ३: मी झेडपी शाळेत शिकवतो. २०२३ मध्ये सरकारने बूट-मोज्यांसाठी मुलामागे १७० रुपये दिले, त्यात टिकाऊ बूट येतो कुठे? आमची पोरं पावसात चपलाच घालतात, दाराबाहेर काढतात, पाय पुसून आत बसतात. त्यावरून आजवर एकालाही बोललो नाही.

प्रश्नकर्ती: धन्यवाद सगळ्यांना, उद्याच अर्ज देते.